तिरकं एक्सट्रूड करताना कोणतं माप खरं ठेवायचं?

कॅड, म्हणजे संगणकावर वस्तूचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, शिकताना बहुतेकांना सगळ्यात आधी जमतं ते एक्सट्रूड, म्हणजे सपाट आकार ओढून त्याची घन वस्तू करणं. प्लेनवर, म्हणजे सपाट पातळीवर, बंद आकाराचं स्केच काढायचं, एक्सट्रूड निवडायचं, उंची ५० टाकायची, की वर्तुळाचा दांडा होतो आणि चौकोनाचा ठोकळा. माणूस पहिल्याच बैठकीत वस्तू घडवायला लागतो, हुरूप येतो. मग कधीतरी सरळ उभं नसलेलं काहीतरी हवं असतं. पायापासून कलून वर गेलेली नळी, मागे रेललेली पाटी, वर निमुळतं होत जाणारं बटण. शिकणारा एक्सट्रूडच्या खिडकीत कोनाचा रकाना शोधतो. तो सापडतोही. तिथे ३० टाकल्यावर मात्र कललेल्या दांड्याऐवजी समोर नरसाळं उभं राहतं, नाहीतर एरर येते.

सॉफ्टवेअरचं काही चुकलेलं नसतं. त्या रकान्यातला कोन दांडा कलवण्यासाठी नाहीच, तो दांड्याच्या भिंती कलवण्यासाठी आहे. तिरकं एक्सट्रूड हवं असं म्हणताना आपल्या मनात तीन निरनिराळ्या आकारांपैकी एक असतो, आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. आपला कोणता हे ओळखायला कमांडची नावं पाठ असण्याची गरज नाही. स्वतःला एवढंच विचारायचं: वस्तू कलल्यावर तिचं कोणतं माप जसंच्या तसं राहायला हवं?

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरून चालू. सपाट पायावर २० मि.मी. व्यासाचा दांडा आहे, त्याची उभी उंची ५० मि.मी. आहे आणि तो उभ्या रेषेपासून ३० अंशांनी कलला आहे. 'उभ्या रेषेपासून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हाच दांडा पायापासून मोजला तर ६० अंशांवर आहे. ड्रॉइंगवर नुसतं ३० लिहिलेलं असतं आणि एक जण ते पायापासून मोजतो, दुसरा उभ्या रेषेपासून. काम सुरू करण्याआधी हे ठरवून टाका. नंतर सगळं बरोबर करूनही वस्तू भलतीच कललेली दिसते आणि चूक कुठे झाली ते शोधता शोधता दमछाक होते.

पहिला आकार: भिंती कलतात, अक्ष सरळच राहतो

एक्सट्रूडच्या खिडकीतला तो कोन म्हणजे टेपर, काही सॉफ्टवेअरमध्ये त्याला ड्राफ्ट म्हणतात. यात वस्तूचा मधला अक्ष सरळ वर जातो आणि चारी बाजूंच्या भिंती आत किंवा बाहेर झुकतात. खरं राहतं ते स्केचच्या प्लेनवरचं माप. तळाशी २० काढले असतील तर तळाशी २०च राहतात, पुढे प्रत्येक मिलिमीटरला माप बदलत जातं.

किती बदलतं याचा हिशेब सोपा आहे: उंची गुणिले कोनाचा टॅन. ५० मि.मी. उंचीवर ३ अंशांचा टेपर दिला तर प्रत्येक बाजू सुमारे २.६ मि.मी. सरकते, म्हणजे व्यासात ५.२ मि.मी.चा फरक पडतो. तीनच अंश, पण २० चे १५ पेक्षाही कमी झाले. टेपरचे कोन लहान का असतात ते इथे कळतं. आपल्या दांड्याला आतल्या बाजूने ३० अंशांचा टेपर दिला तर भिंती १७.३ मि.मी. उंचीवरच एकमेकींना भेटतात आणि टोक तयार होतं. त्यापुढे ५० पर्यंत जायला काही उरतच नाही, म्हणून एरर येते. बाहेरच्या बाजूने दिला तर वरचा व्यास जवळजवळ ७८ मि.मी. होतो, तेच ते नरसाळं.

आत की बाहेर हे अधिक-उणे चिन्हावर ठरतं आणि यात सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. ऑटोकॅडमध्ये धन कोन टाकला की आकार आत निमुळता होतो, फ्युजनमध्ये धन कोनाने तो बाहेर पसरतो. सॉलिडवर्क्समध्ये ड्राफ्ट आधी आतच जातो आणि बाहेर हवा असेल तर वेगळी खूण करावी लागते. एकात शिकून दुसऱ्यात गेलात तर चिन्हावर विसंबू नका, पडद्यावर काय दिसतंय ते बघा.

टेपर खरा उपयोगी पडतो तो साच्यातून काढायच्या वस्तूंना. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं आणि साच्याच्या आतल्या भागाला घट्ट धरून बसतं. भिंती अगदी सरळ असतील तर वस्तू बाहेर निघेपर्यंत घासत राहते. एक-दोन अंशांचा कल असला की जरा हलताच ती सुटते. अशा कामात एक्सट्रूडमध्येच टेपर देण्यापेक्षा ड्राफ्टचं वेगळं फीचर मला जास्त पटतं. त्यात एक न्यूट्रल प्लेन निवडावं लागतं, म्हणजे ज्या पातळीवरचं माप बदलू द्यायचं नाही ती पातळी. झाकण वरच्या काठावर बसणार असेल तर वरचा काठ न्यूट्रल ठेवायचा आणि तळ बदलू द्यायचा. नेमक्या कोणत्या पातळीवर २० हवेत हे ते फीचर आपल्याला स्पष्टपणे विचारतं, ही त्याची मोठी सोय आहे. आणि मध्ये भोक असेल तर तेही वेगळ्या फीचरने पाडा, म्हणजे बाहेरच्या टेपरच्या नादात भोकाच्या भिंती कलणार नाहीत.

दुसरा आकार: तळ जागच्या जागी, दिशा तिरकी

आता दांडा खरोखर कलवू. एक्सट्रूड स्वभावतः स्केचच्या प्लेनला लंब जातो, पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याला दुसरी दिशा दाखवता येते. सॉलिडवर्क्समध्ये एक्सट्रूडच्या दिशेसाठी रकाना असतो. बाजूच्या प्लेनवर ३० अंशांची एक रेषा काढून ठेवायची आणि ती त्या रकान्यात निवडायची. फ्रीकॅडच्या पॅडमध्ये, म्हणजे तिथल्या एक्सट्रूडमध्ये, दिशा बदलता येते, ऑटोकॅडच्या एक्सट्रूडमध्येही दिशेचा पर्याय आहे. जिथे अशी सोय नाही तिथे तीच तिरकी रेषा वाट म्हणून घेऊन स्वीप करायचं, म्हणजे आकार त्या वाटेवरून ओढायचा. स्केचअपचं पुश-पुल फक्त लंब दिशेने चालतं, पण तिथे सरळ उभ्या केलेल्या ठोकळ्याचा वरचा फेस, म्हणजे वरचा पृष्ठभाग, मूव्हने बाजूला सरकवला की हाच आकार मिळतो.

या आकाराचं चित्र मनात बसवायला पत्त्यांचा कॅट पुरेसा आहे. कॅट टेबलावर ठेवून बाजूने हाताने तिरका सरकवा. प्रत्येक पत्ता आडवाच राहतो, त्याचा आकारही बदलत नाही, फक्त तो खालच्यापेक्षा थोडा पुढे जातो. दिशा बदललेल्या एक्सट्रूडमध्ये नेमकं हेच होतं. पायाशी २० मि.मी.चं वर्तुळ, माथ्याशी २० मि.मी.चं वर्तुळ, मध्ये कुठेही आडवा काप घ्या, तिथेही तेवढंच वर्तुळ. पत्ते तेवढेच असल्याने घनफळही सरळ दांड्याइतकंच भरतं, सुमारे १५.७ घन सें.मी. इटलीच्या कॅव्हलिएरीने सतराव्या शतकात मांडलेलं तत्त्व ते हेच.

मग खोटं काय पडतं? दांड्याची जाडी. दांड्याच्या स्वतःच्या लांबीला काटकोनात काप घेतला तर तिथे वर्तुळ मिळत नाही, लंबवर्तुळ मिळतं. एका दिशेने २० मि.मी., दुसऱ्या दिशेने २० गुणिले कॉस ३०, म्हणजे १७.३ मि.मी. डोळ्यांना हे सहजासहजी दिसत नाही. पडद्यावर दांडा गोलच वाटतो. पण त्यावर २० मि.मी.ची कडी चढवली की एका बाजूला जवळजवळ तीन मिलिमीटरची फट राहते. भोक असं पाडलं असेल तर त्यातून २० मि.मी.चा रॉड जाणारच नाही. नवशिक्यांच्या तिरक्या भोकात बोल्ट अडकतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लांबीचंही नीट बघावं लागतं. ५० हे तिरक्या रेषेवर मोजायचे की उभे? तिरक्या रेषेवर मोजले तर दांडा उभ्याने फक्त ४३.३ मि.मी. चढतो. उभे ५० हवे असतील तर तिरकी लांबी ५७.७ लागते. फ्रीकॅडमध्ये लांबी स्केचच्या लंब दिशेने मोजायची का, अशी खूण करायची जागाच दिली आहे. बाकी ठिकाणी मेजर, म्हणजे माप घ्यायचं टूल, वापरून खात्री करा. कोन वाढत गेला की हा फरक झपाट्याने वाढतो. ८० अंशांना उभ्या ५० साठी तिरकी लांबी २८८ मि.मी. होते, आणि ९० ला दिशा स्केचच्या प्लेनमध्येच झोपते, तिथे एक्सट्रूड होऊच शकत नाही.

एवढं सगळं ऐकून हा आकार निरुपयोगी वाटेल, पण तसं नाही. दोन आडव्या पट्ट्यांना जोडणारा तुकडा, एका जागेवरून बाजूला सरकलेल्या चौकोनी भोकाशी जुळणारा मार्ग, तिरकी उभी अक्षरं, अशा ठिकाणी आडवा छेदच खरा हवा असतो. तिथे हाच रस्ता बरोबर.

तिसरा आकार: प्लेनच कलवायचं

नळी, रॉड, बोल्टचं भोक, म्हणजे ज्यात दुसरी गोल वस्तू बसणार आहे असं काहीही असलं तर दांड्याला काटकोनातला छेद खरा हवा. त्यासाठी एक्सट्रूडला तिरकं करायचं नाही. स्केच ज्यावर आहे ते प्लेन कलवायचं आणि एक्सट्रूड नेहमीसारखा सरळ जाऊ द्यायचा. आधी हे उलटं वाटतं, पण एकदा कळलं की पुढची बरीच कामं यावरच होतात.

कललेलं प्लेन बनवायला दोन गोष्टी लागतात: एक रेषा आणि एक कोन. रेषा बिजागरीचं काम करते, प्लेन तिच्याभोवती फिरतं. फ्युजनमध्ये कन्स्ट्रक्टखाली प्लेन ॲट अँगल आहे, ऑनशेपमध्ये प्लेनच्या प्रकारांत लाइन अँगल आहे, सॉलिडवर्क्समध्ये रेफरन्स प्लेनला एक फेस आणि एक एज, म्हणजे कड, देऊन कोन टाकता येतो. प्लेन ३० अंशांनी कललं की त्यावरून निघणारा एक्सट्रूड उभ्या रेषेपासून बरोबर ३० अंशांनी कलतो.

ही रेषा कुठे घेतली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पायाच्या कडेची एज सापडली म्हणून तीच निवडली, तर प्लेन त्या कडेपासून उचलत जातं आणि पायाच्या मधोमध ते बरंच वर तरंगत असतं. मग त्यावर स्केच काढताना मध्यबिंदू कुठे आहे ते कळत नाही. त्याऐवजी पायाच्या वरच्या फेसवर आधी एक छोटं स्केच करा. दांड्याचा अक्ष जिथे टेकायला हवा त्या बिंदूतून जाणारी एक रेषा काढा, कलण्याच्या दिशेला काटकोनात, आणि तिलाच बिजागरी करा. आता प्लेन कितीही फिरवलं तरी तो बिंदू जागचा हलत नाही. नव्या प्लेनवर स्केच उघडलं की तो बिंदू प्रोजेक्ट करून, म्हणजे त्या स्केचवर उतरवून, घ्या आणि वर्तुळाचं केंद्र त्यावर ठेवा. कोनाला पॅरामीटर, म्हणजे नंतर बदलता येणारा आकडा, करून नाव दिलंत, नुसतं 'कल' म्हटलंत तरी चालेल, तर उद्या ३० चे २५ करायचे झाले तर एकच आकडा बदलावा लागेल.

आता वर्तुळ काढलं, एक्सट्रूड केला, आणि दांडा पायाला नीट टेकलेलाच नाही. खालचं तोंड दांड्याला काटकोनात आहे, म्हणून पायाशी ३० अंशांवर आहे. २० मि.मी.च्या व्यासात त्याची एक कड दुसरीपेक्षा १० मि.मी. उंच असते. प्लेन मध्यबिंदूतून जात असल्याने ती अर्धी, म्हणजे ५ मि.मी. वर उचललेली राहते आणि समोरची तेवढीच पायात घुसते. पाया पातळ असेल तर ती खालून बाहेरही येते. दांडा आणि पाया एकमेकांना स्पर्श करत असल्यामुळे सॉफ्टवेअर दोन्ही बॉडी, म्हणजे घन वस्तू, जोडून टाकतं, चित्रात फारसं काही खटकत नाही, आणि ती पाचरीच्या आकाराची पोकळी थ्रीडी प्रिंट हातात आल्यावर दिसते.

नवशिका इथे बहुतेक दांडा मागे आणखी १० मि.मी. वाढवतो. फट बुजते, पण कोन बदलला की तो आकडा चुकतो. त्यापेक्षा प्लेन वरच्या टोकाला न्या आणि तिथून खाली पायाकडे एक्सट्रूड करा. लांबीचा आकडा टाकूच नका. शेवट म्हणून पायाचा वरचा फेस निवडा. फ्युजनमध्ये त्याला टू ऑब्जेक्ट म्हणतात, सॉलिडवर्क्समध्ये अप टू सरफेस. दांडा जिथे पायाला भेटतो तिथे त्याचं तोंड आपोआप पायाच्या फेसप्रमाणे कापलं जातं. कोन बदला, पाया उंच करा, जोड पक्काच राहतो. टोकाला प्लेन न्यायला अक्षाची रेषा आधी काढलेली असेल तर काम आणखी सोपं होतं, तिच्या टोकावर लंब प्लेन एका क्लिकमध्ये मिळतं.

पायावर या दांड्याचा ठसा बघा. तो वर्तुळ नाही, २० बाय २३.१ मि.मी.चं लंबवर्तुळ आहे, कारण कलण्याच्या दिशेने २० ला कॉस ३० ने भागलं जातं. दांडा खरा गोल राहावा म्हणून पायावरचं माप ताणलं गेलं. मागच्या आकारात पायावरचं वर्तुळ खरं ठेवलं तर दांडा चपटा झाला होता. दोन्ही एकाच वेळी गोल राहणार नाहीत, ही भूमितीची अट आहे, कोणतंही सॉफ्टवेअर ती मोडू शकत नाही. माथाही आडवा कापलेला असेल तर या दांड्यात आधीच्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त माल जातो.

कधी कधी काही कलवायचंच नसतं

कललेल्या वस्तूंपैकी कितीतरी वस्तूंना वरचं काहीच लागत नाही, आणि शिकवताना हे फार क्वचित सांगितलं जातं. मागे रेललेली पाटी, पाचर, उतार असलेला ठोकळा, त्रिकोणी आधार, या सगळ्या वस्तू बाजूने बघा. बाजूने दिसणारी बाह्यरेषा एका स्केचमध्ये मावते आणि वस्तूच्या पूर्ण रुंदीभर तीच राहते. मग बाजूच्या प्लेनवर ती रेषा तिच्या कोनासकट काढा आणि रुंदीच्या दिशेने सरळ एक्सट्रूड करा. कोन स्केचमध्ये आला, एक्सट्रूड नेहमीचाच राहिला. पाटीची जाडी पाटीच्या पृष्ठभागाला काटकोनात मोजून ५ मि.मी. टाका, दोन समांतर रेषांमधलं अंतर म्हणून, म्हणजे तीही खरी राहील. आडव्या दिशेने ५ मोजलेत तर ३० अंशांवर पाटी ४.३ चीच होईल.

म्हणून कललेलं काही दिसलं की मी आधी वस्तू मनात फिरवून बघायला सांगेन. कोणत्या बाजूने तिचा छेद कायम राहतो? बाजूने राहत असेल तर प्लेन कलवायच्या भानगडीत पडूच नका. बॉडी सरळ उभी करून तिला तिरक्या रेषेने कापणं हाही असाच साधा रस्ता आहे.

दोन्हीकडे कललेला पाय

खरी परीक्षा स्टुलाच्या पायाची. तो पुढेही कलतो आणि बाजूलाही. समजा ४०० मि.मी. उंचीत तो पुढे ६० आणि बाजूला ६० मि.मी. सरकतो. समोरून बघितलं तर कल ८.५ अंश दिसतो, बाजूने बघितलं तरी ८.५. म्हणून लोक प्लेन एकदा ८.५ ने कलवतात, मग त्या कललेल्या प्लेनला पुन्हा ८.५ ने कलवतात. पाय जवळपास बरोबर जागी जातो आणि तेच धोक्याचं आहे, कारण दुसरं फिरवणं आधीच तिरक्या झालेल्या प्लेनवर होतं आणि दोन्ही बाजूंचं सरकणं सारखं राहत नाही. पायाचा उभ्या रेषेपासूनचा खरा कल १२ अंशांच्या आसपास आहे आणि तो समोरच्या किंवा बाजूच्या कोणत्याच चित्रात दिसत नाही.

इथे कोन विसरा आणि बिंदू धरा. पाय बैठकीला जिथे भेटतो तो एक बिंदू, जमिनीवर टेकतो तो दुसरा. दोन्ही बिंदू आडव्या प्लेनवरच्या दोन स्केचमध्ये साध्या मापांनी ठेवता येतात. त्यांना जोडणारी रेषा थ्रीडी स्केचमध्ये काढा. ती ४०८.९ मि.मी. भरली तर मापं बरोबर आहेत. तिच्या खालच्या टोकावर तिला लंब प्लेन घ्या, त्यावर पायाचा छेद काढा आणि बैठकीच्या खालच्या फेसपर्यंत एक्सट्रूड करा. जमिनीकडचं टोक तिरकं राहील, म्हणून तिकडेही थोडं वाढवून ठेवा आणि जमिनीच्या प्लेनने सपाट कापून टाका.

शेवटी सेक्शन व्ह्यू, म्हणजे वस्तू कापून आतलं दाखवणारं दृश्य, उघडा. पायाच्या रेषेला काटकोनात काप घ्या आणि तिथली दोन्ही मापं मेजरने बघा. स्केचमधलीच मापं आली तर पाय बरोबर आहे. आता आरशासारखा मिरर करून बाकीचे तीन पाय करायला हरकत नाही.